चोवीस नंबरची बाजू

टेवारस बरेलला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते मैदानावर नाही, चर्चच्या पायऱ्यांवर. रविवारची प्रार्थना संपली होती. बायका आपापल्या हॅट सावरत बाहेर पडत होत्या आणि पोटात कावळे कोकलत असल्यामुळे मी सगळ्यांच्या आधी गाडीपाशी पोचलो होतो. मागे वळलो तर हा अकरा वर्षांचा काटकुळा पोरगा चर्चच्या नऊ पायऱ्या उलटा उतरत होता. पाठ रस्त्याकडे, तोंड बापाकडे, बापाचे दोन्ही हात आपल्या हातांत. एकदाही त्याने मागे मान वळवली नाही. सातव्या पायरीचा टवका गेलेला आहे, तिथे त्याने पाऊल जरा लांब टाकलं आणि बापालाही टाकायला लावलं. सगळा वेळ तोंडाची टकळी चालूच होती.

त्याचा बाप क्लिओथा बरेल हा माझा शाळेपासूनचा दोस्त. आमच्या मोरो गावच्या कापसाच्या जिनमध्ये तीस वर्षं मुख्य मिस्त्री होता. यंत्रांच्या त्या गोंगाटात उभा राहून, कुठल्या यंत्रात सरकी अडकली आहे ते नुसत्या कानाने सांगायचा. रुईची एक गाठ बांधून बाहेर पडली की डाव्या खिशातली एक सरकी उजव्या खिशात टाकायचा. संध्याकाळी उजवा खिसा मोजला की दिवसाच्या गाठी कळल्या, कागद-पेन्सिल कधी लागली नाही. पुढे साखरेच्या आजाराने त्याचे डोळे नेले, आधी डावा, मग वर्षाच्या आत उजवा. बायको त्याआधीच वारली होती. हातात काठी घ्यायला हा पठ्ठ्या तयार नव्हता. त्याची काठी म्हणजे टेवारस. अगदी लहान असल्यापासून बापाच्या पायाला चिकटलेला असायचा, म्हणून सगळं गाव त्याला गोचीड म्हणायचं.

"काय रे गोचीड," मी विचारलं, "पाठीला डोळे आहेत का तुझ्या?"

"नाही सर. पण डॅडी नीट चालले की मागचं आपोआप नीट होतं."

"आणि ते कुठे वळणार, हे तुला आधी कसं कळतं?"

"कंबर बघायची, सर. पाय फसवतात. आणि डॅडींचं डोकं तर रोज भलतीकडेच चाललेलं असतं. पण कंबर वळली की माणूस वळला."

"माझी कंबर काढतोस होय रे गाढवा?" क्लिओथा म्हणाला. पण खूश होता, मिशीत हसत होता.

मी मात्र तिथेच खिळलो. बावीस वर्षं शिट्टी तोंडात धरून मी सोळा-सतरा वर्षांच्या धटिंगणांना हेच शिकवत आलो होतो आणि ते एकाच्याही टाळक्यात शिरत नव्हतं. हे पोर ते बापाला घरी नेता नेता शिकलं होतं.

शाळेत माझ्याकडे दोन कामं होती. पोरांना गाडी चालवायला शिकवायची आणि फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातांनी फेकायच्या-झेलायच्या आमच्याकडच्या फुटबॉलच्या, टीमला बचाव शिकवायचा. जिवाला घोर दोन्हीकडे सारखाच, फक्त गाडीत निदान ब्रेक असतो. बचावातली सगळ्यात वाईट जागा म्हणजे कॉर्नरबॅकची. बाकीचे गडी मधे घोळक्याने एकमेकांवर आदळत असतात, हा कडेला एकटा. समोर चेंडू झेलणारा गडी. त्याला पळायचं कुठे ते ठाऊक असतं आणि तो पुढे तोंड करून पळतो. कॉर्नरबॅकला काहीच ठाऊक नसतं आणि त्याने उलटं पळायचं, त्याच्या अंगाला लागून, चेंडू आला तर हाणून पाडायचा. चुकला तर मागे कुणीही नाही. सगळं स्टेडियम बघतं की हा फसला. अशी जागा हौसेने मागणारं पोर मला एकच भेटलं.

"मला तिथे उभं करा कोच," चौदाव्या वर्षी तो म्हणाला. "मला उलटं चालायची सवय आहे."

सवय होतीच. उलटा पळताना त्याच्या टाचा गवताला लागल्यासारख्या वाटायच्याच नाहीत. समोरच्याने कितीही हूल दिली तरी हा त्याच्या कंबरेवर नजर ठेवून ढिम्म, आणि तो खरा वळला की हा त्याच्याबरोबर वळलेला. बघणाऱ्याला वाटावं, दोघं घरून ठरवून आलेत. मी नुसता बघत राहायचो. खोटं कशाला बोलू, सराव संपला की गाडीत बसून हसायचोसुद्धा, एकटाच.

पण एक खोड होती आणि ती साधीसुधी नव्हती. तो धरायचा. समोरचा जरा निसटतो आहे असं वाटलं की याचा हात गेलाच त्याच्या बाहीला. पंच पिवळं फडकं टाकायचा, आमची टीम मागे ढकलली जायची आणि मी टोपी काढून जमिनीवर आपटायचो. त्या वर्षी माझ्या तीन टोप्या गेल्या.

"का धरतोस? का?"

"कोच, मला कळतच नाही मी कधी धरलं."

कळणार कसं? सहा वर्षं दिवसातून वीस वेळा तो हात धरूनच उलटा चालत होता. उलटं चालायचं म्हणजे समोरच्याला धरायचं, हे त्याच्या हाडात गेलं होतं.

यावर आमच्या धंद्यात जुना उपाय आहे, मी तो केला. दोन्ही मुठींत एकेक टेनिसचा चेंडू दिला आणि वरून मोजे चढवून मनगटाशी चिकटपट्टीने बांधले. आता धर म्हटलं, काय धरतोस ते. दोन तास पोरगा मुठी आवळून पळाला. घरी जातानाही मी ते सोडू दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी क्लिओथाने मला बोलावून घेतलं. ओसरीवर बसला होता, शेजारी रेडिओ, पायाशी गोड चहाचा मोठा ग्लास.

"टब्स, तू माझ्या पोराचे हात बांधलेस?"

"सरावाला बांधले."

"काल बुधवारच्या प्रार्थनेला चर्चला जायचं होतं मला. हा दारात उभा राहून रडतोय. म्हणतो, डॅडी, मला तुम्हाला धरता येत नाही."

त्या बाजूने मी विचारच केला नव्हता. माझी चूक होती आणि मी तसं म्हणणारही होतो, पण त्याने हात वर केला.

"मग मी त्याला म्हटलं, नको धरूस. तू पुढे उलटा चाल आणि बोलत राहा. मी आवाजामागे येतो." क्लिओथाने चहाचा घोट घेतला. "चर्चपर्यंत गेलो, टब्स. नऊ पायऱ्यासुद्धा. पोरगा मला न धरता उतरवू शकतो, तर तुझ्या त्या चिल्लर पोरांना धरायची त्याला काय गरज?"

त्यानंतर टेवारसने कधी कुणाला धरलं नाही. बापालाही नाही. गावात दोघं दिसायचे ते असे, मुलगा पुढे उलटा, हात मोकळे, बडबड चालू, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर आंधळा बाप सरळ मानेने चालतोय. परगावचे लोक गाडी थांबवून बघायचे.

मोठ्या कॉलेजांनी त्याला घेतलं नाही. उंची पाच फूट आठ इंच, तीही टाच उचलून उभा राहिला तर. शेवटी दोन तासांवरच्या लिंडेल कॉलेजने फी माफ करून घेतलं आणि गोचीड पहिल्यांदा बापाला सोडून राहिला. क्लिओथाकडे बघायला त्याची बहीण आली. शनिवारी दुपारी मी ओसरीवर जाऊन बसायचो आणि आम्ही दोघं रेडिओ लावायचो. खेळाचं वर्णन करायला हार्लन नावाचा एक इसम होता, तो चेंडू हवेत असतानाच श्वास संपल्यासारखा ओरडायचा.

पहिल्या वर्षी नाव सारखं यायचं. "बरेलच्या बाजूला चेंडू! बरेल मागे पडला!" "पुन्हा बरेल! टचडाउन!" म्हणजे चेंडू रेषेपार गेला, गुण समोरच्यांना. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा क्लिओथा खुर्चीतून उठून उभाच राहिला होता. बहिणीला हाक मारली, "अगं ये, नाव घेतलं त्याचं!" मग पुढचं वाक्य आलं आणि तो हळूच खाली बसला. नवीन पोर दिसलं की प्रत्येक टीम चेंडू त्याच्याच बाजूला फेकणार, हा खेळाचा रिवाजच आहे. एका शनिवारी तर त्याचं नाव अकरा वेळा आलं आणि प्रत्येक वेळी वाईटासाठी आलं.

संध्याकाळी टेवारसचा फोन यायचा. "ऐकलंत का डॅडी?"

"ऐकलं. जेवलास का?"

पोराने त्या हिवाळ्यात काय केलं ते मला त्याच्या तिथल्या कोचने नंतर सांगितलं. पहाटे पाचला अंधाऱ्या खोलीत बसून तो सामन्यांची चित्रफीत बघायचा, पण पडद्याचा वरचा निम्मा भाग पुठ्ठ्याने झाकून. डोकी नाहीत, खांदे नाहीत, चेंडूसुद्धा नाही, फक्त कंबरा. महिन्याभराने कोच कुठलाही तुकडा लावायचा आणि हा सांगायचा, हा आत वळणार, हा थांबणार, हा नुसता ढोंग करतोय. तो कोच चाळीस वर्षं या धंद्यात मुरलेला माणूस. मला फोनवर म्हणाला, "मिस्टर टब्स, मला त्या खोलीत चर्चमध्ये बसल्यासारखं वाटायचं."

दुसऱ्या वर्षी नाव कमी झालं. आलं तर चांगल्यासाठी येऊ लागलं, पण तेवढ्यात ते येणंच बंद झालं. तिसऱ्या वर्षी आख्खे सामने जायचे आणि बरेल हा शब्द रेडिओवर निघायचा नाही. मधूनच कधी त्याने पळणाऱ्याला पाडलं तर ओझरतं नाव यायचं, एवढंच.

क्लिओथाचा चेहरा शनिवारी दुपारी उतरायला लागला. "त्याला बाकावर बसवलं का रे, टब्स?"

"अरे मैदानावर आहे तो. प्रत्येक मिनिट खेळतोय."

"मग हार्लन काय झोपा काढतो?"

"चेंडूच येत नाही त्याच्या बाजूला. कुणी फेकायला धजतच नाही! हे सगळ्यात मोठं आहे क्लिओथा, याहून मोठं काही नाही. तो उभा आहे तेवढं अर्धं मैदान समोरच्यांना बंद झालंय."

"जिनमधलं यंत्र गप्प झालं की ते बंद पडलेलं असतं," तो म्हणाला. "तू माझ्या समाधानासाठी बोलतोयस."

मला असा राग आला म्हणून सांगू! आमच्या काउंटीत जन्मलेला सर्वोत्तम कॉर्नरबॅक आणि त्याच्याच बापाला ते पटवता येत नव्हतं. दाखवायला काही नव्हतंच. जे घडत नाही ते आंधळ्याला कसं दाखवणार? डोळसांनाही ते दिसत नाही. लोक चेंडूकडे बघतात.

हे टेवारसला कळलं होतं. फोनवर बाप आता "ऐकलं" म्हणत नव्हता, नुसतंच "जेवलास का?" विचारायचा. चौथ्या वर्षीचा शेवटचा सामना नोव्हेंबरात होता, घरच्या मैदानावर, पॅरिश हिल कॉलेजविरुद्ध. पुढे काही नव्हतं. व्यावसायिक टीमचा एक माणूस टेप घेऊन आला होता, टेवारसची उंची मोजली, टेप गुंडाळली आणि गेला. जानेवारीपासून पोरगा धान्याच्या कोठाराच्या ऑफिसात कामाला लागणार होता. म्हणजे हा शेवटचा शनिवार. आदल्या दिवशी मला फोन आला.

"कोच, डॅडींना घेऊन येताय ना?"

"येतोय."

"मला एकदा... एकदाच त्यांना माझं नाव चांगल्यासाठी ऐकवायचंय. मी जरा जागा सोडणार आहे. दोन पावलं. त्यांच्या फेकणाऱ्याला वाटेल मी चुकलो, तो फेकेल आणि मी मधेच चेंडू घेईन."

"वेडा झालायस का? त्यांचा तो लांब तंगड्यांचा पोरगा, ऑगस्टीन, त्याला दोन पावलं देणार तू?"

"मी गाठेन त्याला."

"आणि नाही गाठलंस तर? दहा गडी तुझ्या भरवशावर पाठ फिरवून उभे असतात, गोचीड. बापाला नाव ऐकवायला तू टीम जुगारात लावणार?"

तो म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे कोच, ते आता रेडिओ लावून ठेवतात पण ऐकत नाहीत. आत्याने सांगितलं मला."

"मूर्खपणा करू नकोस," म्हणालो आणि फोन ठेवला.

शनिवारी माझी फजिती झाली. तिकिटं मी काढली होती आणि निघाली भलत्याच बाजूची. आमचे सगळे लोक समोर, ढोल-तुताऱ्या समोर, तळलेल्या माशाचा वास समोर, आणि आम्ही दोघं पॅरिश हिलच्या माणसांत, पहिल्या रांगेत, त्यांच्या टीमच्या बाकाच्या अगदी पाठीमागे. मी दारावरच्या माणसाशी भांडलो, त्याच्या साहेबाशी भांडलो. काही उपयोग झाला नाही.

"बसू दे रे," क्लिओथा म्हणाला. "मला काय, ही बाजू नि ती बाजू. शेंगा घे."

सामन्याआधी शेवटच्या वर्षाच्या पोरांना आईबापांसह मैदानाच्या मध्यापर्यंत नेतात. बाकीचे आईच्या खांद्यावर हात टाकून गेले. टेवारस बापापुढे उलटा चालत निघाला, पाठीवर चोवीस नंबर, हात मोकळे, ओठ हलतायत. वर स्पीकरवर नाव, "टेवारस बरेल, मोरो गावचा, वडील क्लिओथा बरेल." आधी लोकांना कळलं नाही काय चाललंय. मग कळलं. टाळ्या वाजता वाजता थांबल्या आणि सात हजार माणसं गप्प उभी राहिली. पोराचा आवाज बापाला नीट ऐकू यावा म्हणून.

जागेवर आल्यावर मी म्हणालो, "घेतलं ना नाव स्पीकरवर?"

"ते सगळ्यांचंच घेतात," क्लिओथा म्हणाला.

खेळ सुरू झाला. पॅरिश हिलचा कोच लाल मानेचा आडवा माणूस होता आणि त्याचा घसा म्हणजे नुसता भोंगा. प्रत्येक डावाआधी आमच्यापुढे चार हातांवर उभा राहून तो किंचाळायचा. "चोवीसकडे नको! दुसरीकडे! चोवीसपासून लांब!" मी वैतागलो. एकतर बाजू चुकलेली, त्यात हे बोंबलणं. मी क्लिओथाला मैदानावरचं सांगत होतो आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. क्लिओथाही माझं ऐकत नव्हता. मान जराशी तिरकी करून बसला होता. शेंगांची पिशवी मांडीवर, पण एकही फोडत नव्हता. मधूनच एक उचलायचा आणि कोटाच्या खिशात टाकायचा.

"खायच्यात का साठवायच्यात?" मी विचारलं.

"तू खेळ बघ," तो म्हणाला.

तिसऱ्या भागात आम्ही सतरा, ते चौदा. आणि तेव्हा मी पाहिलं. टेवारसने दोन पावलं सोडली. ऑगस्टीन पळाला, याने मुद्दाम उशीर केला, जणू पाय घसरला. इकडे लाल मान्या ओरडला, "नको! चोवीस आहे तो! नको!" पण त्यांच्या फेकणाऱ्याने जागा पाहिली होती आणि चेंडू निघाला. टेवारस वळला, झेपावला. चार बोटं उंच असता तर मिळाला असता. चेंडू त्याच्या नखांवरून गेला आणि ऑगस्टीनच्या हातांत विसावला. आमच्याभोवतीची माणसं नाचायला लागली.

स्पीकर म्हणाला, "टचडाउन पॅरिश हिल. कॉर्नरबॅक, टेवारस बरेल."

अख्ख्या सामन्यात तेवढंच एकदा.

क्लिओथाने विचारलं, "काय झालं?"

मी खोटं बोललो नाही. "त्याने जागा सोडली. मुद्दाम. तुला नाव ऐकवायला."

क्लिओथाचा हात पिशवीत तसाच थांबला होता. मला त्या क्षणी दोघांचाही राग येत होता.

टेवारस मैदानावर गुडघ्यावर बसला होता. मग उठला. हे मी कसं सांगू? त्यानंतर जे त्याने केलं ते मी माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाकडून पाहिलेलं नाही. ऑगस्टीन पळाला की हा आहेच. थांबला की थांबलेला. ऑगस्टीन पाणी प्यायला बाकाकडे गेला तेव्हासुद्धा तो मागे वळून बघत होता, हा इथेही आला की काय. आमचा टचडाउन झाला, चोवीस-एकवीस आम्ही पुढे. आणि शेवटी तेहतीस सेकंद उरली असताना चेंडू त्यांच्याकडे, आमच्या रेषेपासून बारा यार्डांवर, शेवटची संधी. ऑगस्टीन उभा टेवारससमोर.

लाल मान्याने विश्रांती मागितली. फेकणारा पोरगा धावत आला, आमच्या नाकासमोर उभा राहिला.

"कोच, ऑगस्टीनला देतो. मघाशी जमलं होतं."

"मघाशी ते त्याने तुला दिलं होतं, लेकरा. तू घेतलं नव्हतंस. त्यानंतर काही दिलंय त्याने?"

"नाही सर."

"मग ऐक. मी तीस वर्षं या खेळात आहे, असला पोरगा पाहिला नाही. चोवीसच्या बाजूला बघूसुद्धा नकोस. दुसरीकडे सगळं मैदान मोकळं आहे, तिकडे हरलो तर मी तुला काही बोलणार नाही."

क्लिओथाने पिशवीतून एक शेंग उचलली.

चेंडू फेकणाऱ्याच्या हातात आला. त्याने ऐकलं नाही, पोरंच ती, त्याने ऑगस्टीनकडे बघितलंच. हात मागे गेला. ऑगस्टीन आत वळला, बाहेर वळला, पुन्हा आत, आणि प्रत्येक वळणावर त्याच्या छातीशी आमचा गोचीड, हात मोकळे, कुठेही न धरता. फेकणारा बघत राहिला. हात वरच राहिला. मग घाबरून त्याने मान दुसरीकडे वळवली, पण तोवर आमचे दोन पहाडासारखे गडी पोचले होते. ते त्याला घेऊनच खाली आले. खेळ संपला.

स्पीकरवर त्या दोन पहाडांची नावं आली. टेवारसचं नाही.

समोर ढोल वाजायला लागले. टेवारस मात्र जल्लोषात गेला नाही. आख्खं मैदान ओलांडून आमच्या बाजूला आला, हेल्मेट हातात, चेहरा घामाने आणि रडण्याने भिजलेला. कठड्याशी उभा राहिला.

"डॅडी, एकदाच नाव आलं. आणि तेही तसलं. मला माफ करा."

"कितीदा?"

"एकदा, सर."

"हेल्मेट उताणं धर."

टेवारसला कळेना. त्याने दोन्ही हातांनी हेल्मेट उताणं धरलं. क्लिओथाने कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठभर शेंगा त्यात टाकल्या. मग आणखी मूठभर. मग आणखी. शेवटी खिसा उलटा करून झटकला.

"मोज."

पोराने मोजल्या. मीही मोजल्या. एक्केचाळीस.

"एक्केचाळीस वेळा," क्लिओथा म्हणाला, "इथे माझ्यापुढे उभा राहून एक मोठा माणूस तुझ्या भीतीने ओरडला. त्याची ती पोरं, दर वेळी हो सर म्हणायची आणि आवाज कापायचा त्यांचा. मी आवाजावरून यंत्र ओळखतो, बाळा. तुझ्यासारखं चालणारं यंत्र मी कधी ऐकलं नव्हतं." त्याने चाचपडत पोराचा गाल शोधला. "टब्स मला दोन वर्षं सांगत होता. मला वाटलं, मन राखतोय. आणि आजचं ते, ती दोन पावलं, ती माझ्यासाठी सोडलीस ना? पुन्हा कुणासाठी सोडू नकोस. माझ्यासाठी तर नाहीच."

मी त्याच जागी बसून, दोन चांगले डोळे आणि दोन चांगले कान घेऊन, दुपारभर तिकिटांवरून कुरकुरत होतो.

"आता घरी ने मला," क्लिओथा म्हणाला. "भूक लागली."

टेवारसने कठड्याचं दार उघडलं. भरलेलं हेल्मेट दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि बापाकडे तोंड करून उलटा चालायला लागला. रडत होता, तरी बोलत होता, "डॅडी, इथे एक पायरी, इथे मऊ माती, इथे एक बाई उभी आहे." पॅरिश हिलचे लोक बाजूला होत गेले. लाल मान्याने त्यांना बघून टोपी काढली आणि ती गाडीतळापर्यंत ते पोचेतो डोक्यावर घातली नाही. मी मागून बघत होतो. एकही शेंग सांडली नाही.